कुडमाली : एम. ए. आधी, ग म भ न नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये खरगपूरजवळच्या खेमाशुली आणि पुरुलियाजवळच्या कुस्तौर स्थानकांवर कुडमी समाजाने सलग काही दिवस रेल्वे अडवली. हावडा–नागपूर–मुंबई मार्गच अडल्यामुळे त्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये झारखंडात पुन्हा तेच झाले. वाचकांच्या लक्षात राहिले ते एवढेच, की कुठलासा कुर्मी समाज अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी रुळांवर बसला आहे. त्या मागण्यांच्या यादीत दुसरी एक मागणी होती : कुडमाली भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश. ती बातम्यांतून गळाली. जमातीच्या दर्जाचा प्रश्न वादाचा आहे, त्याला संथाळ-मुंडा संघटनांचा विरोध आहे आणि त्याची चर्चा स्वतंत्रपणे होत राहील. भाषेचे तसे नाही. तिचे प्रश्न नेमके आहेत, त्यातले बरेचसे हाताने सोडवण्यासारखे आहेत आणि मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटतील. म्हणून हे पत्र.

आधी नाव. छोटानागपूरचे कुडमी आणि बिहार-उत्तर प्रदेशातले कुर्मी हे एकच, अशी समजूत हिंदी पट्ट्यातून आपल्याकडे आली. तिच्या पाठोपाठ 'म्हणजे आपले कुणबीच' असेही म्हटले जाते. कुडमी कार्यकर्ते ही जोडणी मानत नाहीत. आपली कुळे, आपले सण, आपले गरामथान म्हणजे ग्रामदेवतेचे ठिकाण वेगळे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. गंमत अशी, की या नावाचा खरा उच्चार लिहायला हिंदीला ड खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा लागतो आणि पुष्कळदा त्याचा 'र' होतो. मराठीला त्याची गरज नाही. 'गाडी', 'कडू' या शब्दांतला ड आपण जसा उच्चारतो, तसाच तो आहे. तेव्हा 'कुडमी' आणि 'कुडमाली' असे साधे लिहिले तरी मराठीत ते हिंदीपेक्षा बरोबर उतरते.

ही भाषा तीन राज्यांत बोलली जाते. झारखंडात सिल्ली-बुंडू-तमाडपासून सरायकेला, बोकारो, धनबादपर्यंत; पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया, बांकुडा, झाडग्राम या जिल्ह्यांत; ओडिशात मयूरभंज, केंदुझर, सुंदरगडकडे. ब्रिटिश काळात ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या पाचव्या खंडाच्या दुसऱ्या भागात (१९०३) तिची नोंद पूर्वेकडची मगही, म्हणजे बिहारमधल्या एका भाषेचे रूप, म्हणून आहे. कुडमाली अभ्यासकांना ती जागा मान्य नाही. भाषेच्या तळाशी अनार्य थर आहे, असे ते मांडतात. तो वाद विद्वानांचा. शाळेतल्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की घरी जे बोलले जाते ते वर्गातल्या हिंदी, बंगाली किंवा ओडियाहून वेगळे आहे.

तीन राज्ये म्हणजे तीन लिप्या. ही फाळणी कशी झाली ते पाहिले तर अस्वस्थ व्हायला होते. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या जुन्या मानभूम जिल्ह्यात (त्यात पुरुलिया आणि धनबाद दोन्ही येत) १९४८ पासून भाषेचे आंदोलन चालले. ते बंगालीसाठी होते. १९५४ च्या टुसु सत्याग्रहात खेड्यापाड्यांतली, टुसु या पौषातल्या सणाची गीते प्रतिकाराची गाणी झाली. ती रचणाऱ्यांत आणि गाणाऱ्यांत पुढे होते भजहरी महतो, म्हणजे एक कुडमीच. १९५६ च्या एप्रिलमध्ये पुरुलियातल्या पाकबिड्याहून कोलकात्यापर्यंत हजारावर माणसे चालत गेली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी पुरुलिया जिल्हा पश्चिम बंगालमध्ये गेला. धनबाद बिहारमध्ये राहिले. मयूरभंज त्याआधीच, १९४९ मध्ये, ओडिशात विलीन झाले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातच घडलेली ही गोष्ट आहे. एका भाषेला न्याय देणारी सीमा आखली गेली आणि ज्यांच्या गाण्यांनी ते आंदोलन चालले, त्यांची घरची भाषा मात्र त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना वाटली गेली. टुसुची गाणी तिकडेही राहिली, इकडेही राहिली; शाळेच्या पाटीवर ती कुठेच आली नाहीत.

पुढची पायरी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. रांची विद्यापीठात कुलगुरू कुमार सुरेश सिंह यांच्या पुढाकाराने आदिवासी आणि प्रादेशिक भाषांचा विभाग आकाराला आला. मुंडारीचे विद्वान रामदयाल मुंडा अमेरिकेतल्या मिनेसोटाहून परत येऊन त्याचे प्रमुख झाले. संताली, मुंडारी, हो, खडिया, कुडुख या पाच आणि नागपुरी, कुडमाली, खोरठा, पंचपरगनिया या चार, अशा नऊ भाषा पदव्युत्तर पातळीवर शिकवल्या जाऊ लागल्या. या विभागाचे महत्त्व कमी लेखायचे नाही. त्यानेच कुडमालीला अभ्यासक्रम दिला, संशोधक दिले, शिक्षक दिले. २०११ मध्ये झारखंडाने तिला द्वितीय राजभाषांच्या यादीत घेतले, २०१८ मध्ये पश्चिम बंगालनेही राजभाषा कायद्यात तिला स्थान दिले. नेट परीक्षेत 'आदिवासी आणि प्रादेशिक भाषा' या सामाईक विषयात ती येते.

पण यात इमारत वरून खाली बांधली गेली. एम. ए. आधी झाले, ग म भ न नंतर. पहिलीतले बहुतेक कुडमी मूल आजही आपापल्या राज्याच्या भाषेत अक्षरे गिरवते. वरचे वर्ग नोकरीच्या परीक्षांशी बांधलेले असल्यामुळे भाषेविषयीची पुस्तके वाढतात, त्या भाषेतली तेवढी वाढत नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला धनबाद आणि बोकारोच्या जिल्हास्तरीय भरतीत भोजपुरी-मगही चालणार की नाही यावरून मोठे आंदोलन झाले आणि सरकारने त्या भाषा वगळल्या. भाषा नोकरीच्या दाराशी उभी राहिली की माणसे तिच्यासाठी उठतात, हे त्यातून दिसले. वाईट काहीच नाही त्यात. फक्त परीक्षेपुरती शिकलेली भाषा घरात बोलली जाईलच, याची हमी कुणी देत नाही.

खालून वर कसे बांधायचे याचा नमुना कुडमालीच्या शेजारीच आहे. मयूरभंजच्या रायरंगपूर परिसरात १९०५ मध्ये जन्मलेले पंडित रघुनाथ मुर्मू शाळाशिक्षक होते. १९२५ मध्ये त्यांनी संतालीसाठी ओल चिकी लिपी सिद्ध केली. तीस अक्षरे, सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच, आणि प्रत्येक ओळ एका स्वराने सुरू होते. अक्षरांची नावे आणि आकार घेतले ते भोवतालातून : 'उद' म्हणजे अळिंबी आणि त्या अक्षराचे रूपही अळिंबीवरून. हे केवळ सजावटीसाठी नव्हते. संतालीत शब्दाच्या शेवटी श्वास अडवून उच्चारायची व्यंजने आहेत आणि बंगाली, ओडिया, देवनागरी कशातही त्यांना जागा नाही. मुर्मूंनी ज्या अक्षरांना ती जागा दिली, तीच अक्षरे 'अहद' नावाचे चिन्ह जोडले की साधी घोष व्यंजने (ग, ज, द, ब) होतात. म्हणजे भाषेचा नेहमीचा ध्वनी बिनचिन्हाचा आणि अपवाद चिन्हाचा. शिकवण्याचा अनुभव असलेल्या माणसालाच हे सुचते.

त्याहून शिकण्यासारखा आहे त्यांच्या कामाचा क्रम. लिपीनंतर त्यांनी प्रबंध लिहिला नाही. मुलांसाठी 'ओल चेमेद' ही अक्षरओळख लिहिली, अंकगणिताचे पुस्तक केले, व्याकरण केले, आणि गावात रात्री खेळता येतील अशी नाटके लिहिली. 'बिदू चांदन' या नाटकात तर लिपीच कथेचा भाग आहे. ज्याला वाचता येत नाही तो प्रेक्षक नाटक पाहतो, पाहून त्याला अक्षर शिकावेसे वाटते, आणि शिकायला पुस्तक हाताशी असते. मुर्मू १९८२ मध्ये गेले. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संताली आठव्या अनुसूचीत आली आणि २००८ मध्ये ओल चिकी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-फोनच्या सामाईक अक्षरसंचात. लिपी सिद्ध झाल्यापासून राज्यघटनेपर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. तोवर भाषा शाळामास्तरांनी आणि नाटक मंडळ्यांनी तगवली.

कुडमालीने नवी लिपी करावी, असे आम्ही या उदाहरणावरून सुचवत नाही. 'चिस' नावाची लिपी मांडली गेली आहे आणि तिच्याविषयी जिव्हाळाही आहे. परंतु फोनच्या नेहमीच्या कळफलकांवर ती रुळलेली नाही, त्यामुळे तिच्यात निरोप धाडणेही अवघड आहे. कुडमालीचे ध्वनी देवनागरी, बंगाली, ओडिया तिन्हींत बऱ्यापैकी बसतात. अडचण आहे ती एकच शब्द तीन शुद्धलेखनांत तीन शब्द होण्याची.

उदाहरण घ्या. करम सणाआधी मुली टोपलीत नदीची वाळू भरून त्यात कुळीथ, मूग, हरभरा असे दाणे पेरतात, हळदीचे पाणी शिंपतात आणि रोज संध्याकाळी भोवती फेर धरून गातात. त्या अंकुरांना म्हणतात 'जावा'. देवनागरीत दोन अक्षरे. बंगाली लिपीत 'व' साठी वेगळे अक्षर उरलेले नाही, म्हणून तिथे तो 'जाओया' असा लिहावा लागतो. वाचताना उच्चार 'जावा'च होतो. आता पुरुलियातले गाणे यंत्राने देवनागरीत आणले, तर रांचीतला विद्यार्थी 'जाओया' वाचतो आणि हा कुठला शब्द म्हणून कोशात शोधतो. मिळत नाही. बंगाली लिपीतला अंतर्भूत 'अ' ओठ गोल करून उच्चारला जातो, तोही असाच चकवतो. मूल कुडमाली वाचू लागते आणि तोंडातून बंगाली येते.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. पूर्वेकडच्या भाषांत इ-ई, उ-ऊ यांचा भेद उच्चारात उरलेला नाही, म्हणून जाणती माणसे 'कुडमालि', 'टुसु' असे ऱ्हस्व लिहितात. हिंदी शाळेतून आलेला लेखक 'कुरमाली', 'टुसू' लिहितो. एकाच संग्रहात दोन्ही रूपे दिसतात. मराठीत शुद्धलेखनाचे नियम ठरायला १९६२ उजाडले आणि त्याआधी किती वाद झाले, हे आठवले की या गोंधळाचे नवल वाटत नाही. पण कुडमालीकडे तेवढी वर्षे नाहीत.

तिसरी अडचण दिसतच नाही. नुक्त्याचा ड संगणकात दोन प्रकारे साठवला जातो : एकसंध अक्षर म्हणून किंवा ड आणि नुक्ता असे दोन भाग म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. एका शिक्षकाने एका कळफलकावर टंकलेला शब्द दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर शोधला तर 'सापडला नाही' असे उत्तर येऊ शकते. शब्दकोशाच्या फायली एकत्र करताना भाषेच्या नावापासूनच दुहेरी नोंदी पडतात. यावर उपाय सोपा आहे. युनिकोडच्या प्रमाणरूपात ही एकसंध अक्षरे फोडूनच ठेवली जातात, म्हणून सर्व मजकूर जमा करण्याआधी एकदा त्या प्रमाणरूपात फिरवून घ्यायचा. बंगाली आणि ओडिया लिपीतल्या ड आणि ढ च्या नुक्त्यांनाही हेच लागू आहे. पाच मिनिटांचे काम; केले नाही तर महिन्यांची दुरुस्ती.

म्हणून लिप्या तीन राहोत, नियम एक असावा. त्यासाठी परिषदा भरवण्याची गरज नाही. चार निर्णयांचे एक पान पुरे : शब्दाच्या शेवटी इ आणि उ नेहमी ऱ्हस्व; ड-ढ चे नुक्ते सक्तीचे; अनुनासिकासाठी एकच चिन्ह, चंद्रबिंदू; आणि 'वा'सारख्या जागांसाठी तिन्ही लिप्यांतल्या समान रूपांची तक्ता-नोंद. प्रत्येक नियमाखाली दहा-बारा शब्द, तिन्ही लिप्यांत शेजारी शेजारी. हे पान प्रत्येक कुडमाली पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत छापावे. नियम पाळला गेला नाही तरी वाचकाला निदान कळेल की लेखक कुठे वेगळा गेला.

आता शब्दसंग्रहाकडे. इथे शिक्षक आणि हौशी संकलक यांच्यातला फरक दिसतो. हौशी संकलक शंभर किंवा दोनशे शब्दांची ठरीव यादी घेऊन बसतो आणि 'शेत म्हणजे काय म्हणता?' असे विचारतो. उत्तर येते 'खेत', आणि तो लिहून घेतो. प्रश्नच चुकीचा होता. मानभूमच्या शेतकऱ्याला नुसते शेत माहीत नसते. उंचावरची कोरडी जमीन 'टांड', उतारावरची पहिली भातखाचरे 'बाइद', मधली 'कानाली', तळातली ओल धरून ठेवणारी 'बहाल'. बाइदात लवकर येणारे भात, बहालात उशिराचे. कोकणात वरकस जमीन आणि हळवे, निमगरवे, गरवे भात यांची जशी सांगड असते, तशीच ही. हे शब्द यादी वाचून मिळत नाहीत, बांधावर उभे राहून मिळतात. म्हणून विषयवार गोळा करावेत : जमीन, पाणी, नांगर आणि त्याचे भाग, गोठा, भात कांडणे, नाती, आजार, सण. एका विषयाला तीन वेगळ्या भागांतले निदान दोन-दोन बोलणारे, त्यात एक स्त्री हवीच. बी निवडणे, साठवणे, कांडणे हे शब्द बायकांकडे पुरुषांपेक्षा जास्त असतात आणि संकलक बहुधा पुरुषांशीच बोलून परततात. प्रत्येक शब्दासोबत बोलणाऱ्याच्या तोंडचे एक वाक्य लिहून घ्यावे. वाक्याविना शब्द म्हणजे नंतर कुणीतरी हिंदी अर्थ चिकटवण्याची सोय.

ध्वनिमुद्रण फोनवरही चांगले होते, फक्त दोन पथ्ये पाळावीत. आवाज दाबून लहान करणाऱ्या स्वरूपात न साठवता 'वेव्ह' स्वरूपात साठवावा. गप्पांच्या ॲपवरून पाठवलेली फाईल मूळ प्रत म्हणून ठेवू नये, कारण पाठवताना ती दाबली जाते आणि अनुनासिक, शेवटचे हलके स्वर, मांदर या ढोलाचा ठेका यांतला तपशील जातो. आणि मुद्रणाच्या सुरुवातीलाच गाव, तारीख, गाणारीचे वय आणि तिची परवानगी तोंडी बोलून घ्यावी. कागदावरची नोंद हरवते, आवाजातली हरवत नाही.

गाण्यांच्या बाबतीत तारीख ही केवळ माहिती नाही, तो अर्थाचा भाग आहे. कुडमाली साहित्याचा मोठा ठेवा ऋतूला बांधलेला आहे. तिकडच्या सौर पंचांगातल्या ज्येष्ठाच्या तेराव्या दिवशी, मेच्या शेवटी, 'रहइन' येते. बायका न बोलता शेतातली माती घरी आणतात आणि भाताचे बी पेरले जाते. आपल्याकडचा शेतकरीही त्याच सुमारास रोहिणी नक्षत्राकडे पाहत असतो. नाव एकच आहे. भाद्रपद शुद्ध एकादशीला करम आणि जावागीते. कार्तिकी अमावास्येला, म्हणजे आपल्या दिवाळीत, 'बांदना'. रात्री ढोल घेऊन घरोघरच्या गोठ्यांपुढे गुरे जागवणारी 'अहिरा' गाणी. मार्गशीर्ष संक्रांतीपासून मकर संक्रांतीपर्यंत महिनाभर टुसु, आणि शेवटी रंगीत कागदांनी मढवलेल्या 'चौडल'चे विसर्जन. मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सौर माघाच्या पहिल्या दिवशी, अडीच फेरे नांगर धरून शेतीचे वर्ष सुरू. मे महिन्यात उन्हाळी सुट्टीत गेलेल्या संशोधकाला टुसुगीत म्हणून दाखवले जाते खरे, पण चार कडवी, पाहुण्यासाठी. पौषातल्या शेवटच्या जागरणाच्या रात्री दोन घरांच्या बायका एकमेकींना उत्तरे देत जी गातात, ती गाणी त्या सुट्टीत मिळत नाहीत. भजहरी महतोंनी राजकारणासाठी वापरली ती ताकद त्या रात्रीच्या गाण्यांची.

लिहून घेताना सर्वांत मोठी चूक सुशिक्षित माणसाच्या हातून होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. तो गाणे 'सुधारतो'. 'बाइद' कुणाला कळणार नाही म्हणून 'खेत' करतो, क्रियापदाचे रूप हिंदीच्या जवळ आणतो, यमक जुळवतो. असे तीन संकलकांच्या हातून गेलेले गाणे शेवटी हिंदी गाणे असते. ओव्या गोळा करणाऱ्यांनी आपल्याकडेही हे पाहिले आहे. नियम एकच : गायले तसे लिहायचे, स्पष्टीकरण खाली टीपेत द्यायचे.

मग अक्षरपुस्तक. पहिल्या धड्यात क ते ज्ञ असा पूर्ण तक्ता टाकला की पुस्तक मेले. सहा-सात अक्षरांत अर्थाचे शब्द उभे राहिले पाहिजेत : क, र, म, ज, व एवढ्यांत 'करम', 'मकर' आणि एका काना-मात्रेच्या ओळखीने 'जावा' येतो. मूल पहिल्याच आठवड्यात आपल्या घरातला शब्द वाचते. अठ्ठेचाळीस पाने पुरतात, म्हणजे सोळा पानांचे तीन फॉर्मे. कमी-जास्त पाने केली की छपाईत कागद वाया जातो आणि किंमत वाढते. आधी पन्नास झेरॉक्स प्रती काढून दोन-तीन शाळांत एक महिना वापराव्यात, ज्या पानावर मुले अडतात तिथे शिक्षकाने पेन्सिलीने खूण करावी, आणि मगच छापखान्यात जावे. एकदम हजार प्रती छापणाऱ्यांच्या चुका दहा वर्षे शाळेत फिरतात, कारण पुन्हा छापायला पैसे नसतात. चित्रेही गावचीच हवीत. करमची फांदी म्हणून ख्रिसमसच्या झाडासारखे काही काढले, की पुस्तक परके झाले.

अक्षरपुस्तकानंतर लगेच काहीतरी वाचायला हवे, आणि ते स्वस्त हवे. मुर्मूंनी नाटके दिली. कुडमालीकडे झुमर ही लोकगीते आहेत, छौ नाचाची आखाड्यांची परंपरा आहे. सोळा पानांची, मोठ्या टंकातली गाण्यांची पुस्तिका टुसुच्या जत्रेत विकली जाते. ग्रंथालयात ठेवलेला जाड संग्रह विकला जात नाही.

शिक्षणाला समाजसुधारणेचा पाया मानणारी माणसे या समाजात होती, हेही सांगायला हवे. धनबादजवळच्या बलियापूरचे बिनोद बिहारी महतो (१९२३–१९९१) सुरुवातीला शिक्षक आणि कारकून होते. पुढे वकील झाले, धरणे आणि कारखान्यांमुळे उठवलेल्या लोकांचे खटले लढले, झारखंड मुक्ती मोर्चाच्या संस्थापकांत होते. 'पढो और लडो' ही त्यांची घोषणा. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कुडमींच्या सुधारणेसाठी जी संघटना काढली तिचे नाव होते 'शिवाजी समाज'. छत्रपतींचे नाव कोळसापट्ट्यातल्या एका शेतकरी समाजाने असे उचलले होते, हे महाराष्ट्रात फारच थोड्यांना माहीत आहे. आज धनबादचे विद्यापीठ महतोंच्या नावाने आहे.

आता सर्वांत तातडीचा मुद्दा, कारण त्याला मुदत आहे : २०२७ ची जनगणना. २०११ च्या जनगणनेत 'कुरमाली ठार' या नावाखाली (हे कुडमालीचेच जनगणनेतले नाव) ३,११,१७५ माणसे मोजली गेली. २००१ मध्ये हाच आकडा ४,२५,९२० होता. दहा वर्षांत सुमारे एक लाख पंधरा हजार बोलणारे मेले किंवा भाषा विसरले, असे मानायला आधार नाही. नोंद कशी होते ते पाहिले की उलगडा होऊ लागतो. प्रगणक जे नाव ऐकतो ते लिहितो. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषांची १९,५६९ कच्ची नावे आली. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या. दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या २७० स्वतंत्रपणे छापल्या गेल्या आणि त्यांची १२१ भाषांत वर्गवारी झाली. कुरमाली ठार त्यातल्या 'हिंदी'च्या गटात आहे. तिचे तीन लाख हे हिंदीच्या बावन्न कोटी त्र्याऐंशी लाखांतले आहेत. एकाने 'कुडमालि' सांगितले, दुसऱ्याने 'कुर्मी', तिसऱ्याने 'खोट्टा', चौथ्याने 'मानभूमी', पाचव्याच्या अंगणात प्रगणकाने न विचारताच 'हिंदी' किंवा 'बंगाली' लिहिले, तर पाच घरे पाच रकान्यांत जातात.

जनगणनेच्या सूचनांनुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने त्या व्यक्तीशी बोललेली भाषा. शाळेची नव्हे, राज्याची नव्हे, ज्या लिपीत सही करता तिचीही नव्हे. २०११ च्या तक्त्यात तो दहावा प्रश्न होता आणि अकराव्यात इतर अवगत भाषा दोनपर्यंत लिहिता येत होत्या. म्हणजे कुडमाली मातृभाषा लिहिल्याने हिंदी किंवा बंगाली येत नाही असे ठरत नाही. ती पुढच्या रकान्यात जाते. अनेक कुटुंबे याच भीतीने मोठी भाषा सांगतात. तिन्ही राज्यांतल्या संघटनांनी आतापासून एकच नाव आणि एकच लिखाण ठरवून गावोगाव सांगितले पाहिजे, आणि प्रत्येक व्यक्तीची नोंद वेगळी असते, कुटुंबप्रमुखाची सर्वांना लागू होत नाही, हेही. या वेळी स्वतः माहिती भरण्याची सोय आहे. तिथे यादीतून निवडताना पहिले दिसेल ते हिंदी निवडले, तर दोष प्रगणकाचा राहणार नाही.

हे महाराष्ट्राला लागू नाही असे कुणी समजू नये. आपल्या तांड्यांवरची लमाणी-बंजारा भाषा याच हिंदीच्या गटात मोजली जाते. २०११ मध्ये देशभरात 'लमाणी/लंबाडी' या नावाखाली तिचे ३२,७६,५४८ बोलणारे होते. गोंडी वेगळी मोजली जाते, २९,८४,४५३, तरी आठव्या अनुसूचीत नाही. केंद्राकडे समावेशाच्या मागण्या असलेल्या ३८ भाषांच्या यादीत कुडमाली, गोंडी आणि बंजारा तिन्ही आहेत. समावेशाचे निकष ठरवायला १९९६ मध्ये पाहवा समिती आणि २००३ मध्ये सीताकांत महापात्र समिती नेमल्या गेल्या. निश्चित निकष अजून ठरलेले नाहीत. निकष नसले की आकडा बोलतो, म्हणून जनगणनेचा रकाना महत्त्वाचा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पहिलीपासून सुरुवात, म्हणजे पायापासून. रांचीच्या विभागाला मोहगावकडून आणि मोहगावला रांचीकडून शिकण्यासारखे आहे : एकाकडे अभ्यासक्रम आणि संशोधक आहेत, दुसऱ्याकडे मुले आहेत.

आपल्या दैनिकाला दोन विनंत्या. पुन्हा कधी त्या मार्गावर गाड्या अडल्या, तर मागण्यांत भाषेचे नाव असल्यास ते बातमीत यावे, 'कुर्मी' असे न लिहिता 'कुडमी' आणि 'कुडमाली' असे. आणि जनगणनेविषयी वाचकांसाठी जी माहिती आपण छापाल, तिच्यात मातृभाषेच्या प्रश्नाची व्याख्या शब्दशः द्यावी. यवतमाळच्या तांड्यावर आणि मेळघाटात वृत्तपत्र पोचते. तिथे ती चौकट कापून भिंतीला लावली जाईल.

आपले,
लोकभाषांचे काही अभ्यासक